टू आणि आयएनजीच्या धाकात

मी जात्याच भित्री. पाल, वीज, डॉक्टर, बँकेतला काउंटरमागचा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, या सगळ्यांना मी घाबरते. पण वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी इंग्रजीच्या एका प्रकरणानं मला जितकं घाबरवलं, तितकं या सगळ्यांनी मिळूनही घाबरवलं नसेल. एका क्रियापदापुढे दुसरं क्रियापद आलं, की त्याच्या आधी टू लावायचं की त्याच्या शेवटी आयएनजी जोडायचं, एवढंच ते प्रकरण. ऐकणाऱ्याला हसू येईल. तेव्हा मात्र महिनाभर मला धड जेवण जात नव्हतं.

झालं होतं असं, की नायगाव पूर्वेच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं मराठी विभागात शिकवत होते. इतिहास, मराठी, आणि कोणी रजेवर असलं तर इंग्रजी. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, शाळेत मुलंही वाढली, पण ती सगळी जिना चढून वर जायला लागली. वरचा मजला इंग्रजी माध्यमाचा. खाली आमच्या वर्गांत दहा-बारा डोकी उरली. शेवटी संस्थेनं मराठी विभाग बंदच केला. बरोबरचे शिक्षक निवृत्तीला आले होते, ते गेले. मला बोलावून सांगितलं, की वर नववीला इंग्रजी शिकवायला जागा आहे. एक वर्ष शिकवा, आम्ही तुमचा पाठ बघू, मग ठरवू.

पाठ बघू म्हणजे तपासणी. संस्थेच्या बाई मुंबईहून येणार, मागच्या बाकावर बसणार, एक तास बघणार आणि मी शाळेत राहणार की नाही, ते त्यावरून ठरणार.

नवरा म्हणाला, "नाही ठेवलं तर नाही. घरी आराम कर." तो बोलायला मोकळा. शाळेबाहेर मी कोण, हे मला ठाऊकच नव्हतं. माझं माहेर जूचंद्रला, शाळेपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तिथे रस्त्यानं गेले की बायका ओट्यावरून ओरडतात, "मास्तरीन आली गं!" आमच्या आळीतून शिक्षिका झालेली पहिली मुलगी मी. वडिलांनी भातशेती सांभाळून मला बीएडपर्यंत नेलं. 'मास्तरनीला काढली' हे वाक्य त्या ओट्यांवरून कसं फिरेल, ते मला आधीच ऐकू यायला लागलं होतं. वडिलांच्या कानावर ते कोणाच्या तोंडून जाईल, तेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

माझ्या भीतीचं मूळ इंग्रजीत नाही, पाण्यात आहे. पाचवीत असताना मी वर्गात हात वर करून म्हटलं होतं, "बाई, मना पानी पायजे." बाई घाटावरून नव्यानंच आलेल्या. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि वर्गाकडे तोंड करून दहा वेळा 'मला पाणी हवं आहे' म्हणायला लावलं. सहाव्या वेळी माझा 'ण' पुन्हा 'न' झाला, म्हणून मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. वर्गातली निम्मी मुलं आमच्याच आळीतली, घरी 'पानी'च पिणारी, आणि तीच सगळ्यात मोठ्यानं हसली. बाई वाईट नव्हत्या, पुढे त्यांनीच मला स्कॉलरशिपला बसवलं. पण त्या दिवसापासून तोंड उघडायच्या आधी शब्द आतल्या आत तपासून घ्यायची मला सवय लागली, ती आजतागायत. मराठी तपासायला फार वेळ लागत नाही. इंग्रजी वाक्य तपासून होईतो समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

जूनपासून मी वर शिकवायला लागले. धडे, कविता, पत्रलेखन कसंबसं रेटलं. गाइड वाचायचं, रात्री नाही तर पहाटे पाठ करायचं, वर्गात ओतायचं. नववीत बेचाळीस मुलं. बहुतेकांचे आईबाप कोकणातून किंवा घाटावरून आलेले, नवीन इमारतींत राहणारे. पाच-सहा मुलं आजूबाजूच्या गावांतली. त्यांत एक मुलगी जूचंद्रची होती. तिचं घर आमच्या आळीच्या मागेच. दुसऱ्या बाकावर बसायची. दोन घट्ट वेण्या, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत वर गेलेला हात. उत्तर येवो न येवो, हात वर. चुकली की खाली बसताना स्वतःच हसायची आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तयार. पहिल्याच आठवड्यात तिनं मला मधल्या सुट्टीत विचारलं होतं, "टीचर, मी पानी पिऊन येऊ?" मी म्हटलं, "ये." तिचा 'न' ऐकून मला इतकं बरं वाटलं, की पुढे मी तिच्याकडे बघूनच शिकवायला लागले.

डिसेंबरात शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज आला. पाठाची तारीख आली आणि खाली विषय: नववी, व्याकरण, इन्फिनिटिव्ह अँड जेरंड, म्हणजे तेच ते टू आणि आयएनजी. विषय संस्थेच्या बाईंनी स्वतः निवडला होता. धड्यावर पाठ असता तर तो मी तोंडपाठ करून गेले असते. व्याकरणाचं तसं नसतं. मुलं काहीही विचारतात आणि तपासणाऱ्या बाई तर त्याहून काहीही विचारतील.

बारावीतली माझी मुलगी लहानपणापासून इंग्रजी शाळेत. तिच्याकडे गेले. पहिला धडा मिळाला तो असा, की गेली कित्येक वर्षं मी ज्याला मनातल्या मनात 'गेरंड' म्हणत होते ते 'जेरंड' आहे. बरं झालं वर्गात तोंडातून गेलं नव्हतं. मग मी विचारलं, कोणत्या क्रियापदाला काय लावायचं ते कसं ओळखायचं?

"ओळखायचं काय त्यात? ऐकूनच कळतं ना, आई. 'आय एन्जॉय टू रीड' हे कसंतरीच वाटतं कानाला."

मला ते कानाला छान वाटत होतं. तेच तर दुखणं. मराठीत मला वाचायला आवडतं म्हणा, वाचणं आवडतं म्हणा, कोणी कान टवकारत नाही. यायचं ठरवलं, येणं टाळलं, रडू लागला, रडायला लागला. कुठे काय येतं ते मला कोणी शिकवलं नाही आणि मी कधी चुकले नाही. आईच्या दुधाबरोबर जे येतं, त्याचा नियम विचारायची वेळच येत नाही. मुलीचा कान वेगळ्या घरात वाढला होता, माझ्याच घरात राहून. तिला माझी दया यायची आणि मला तिचा राग. एकदा मी तिला म्हटलंही, "कानाचं नको सांगूस. नियम सांग." तर म्हणे, "नियम मला कुठे माहीत आहे?"

मग मी माझा धोपटमार्ग धरला. घोकंपट्टी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे आयएनजीवाली: एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड, ॲडमिट, डिनाय, कीप. उजवीकडे टूवाली: वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज, मॅनेज. ते पान ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मसाल्याचा डबा काढताना अव्हॉइड, ठेवताना रिफ्यूज.

एके दिवशी दुपारी कडवे वाल सोलत बसले होते आणि मला एकदम काहीतरी दिसलं. टूवाली सगळी पुढे बघणारी होती. हवंय, आशा आहे, ठरवलंय, वचन दिलंय. काम अजून व्हायचंय. आयएनजीवाली झाल्यागेल्याची. मजा घेतली, संपवलं, कबूल केलं, नाकारलं. मला इतका आनंद झाला, की वाल तसेच टाकून मी मुलीच्या खोलीत धावले. आपल्याला आपला म्हणून एक नियम सापडला! ती मोबाइलवरून मान न काढता म्हणाली, "मग सजेस्टचं काय? सजेस्ट पुढचंच असतं ना? त्याला आयएनजी लागतं. रिस्कलाही. कन्सिडरलाही."

मी परत येऊन वाल सोलले. वर आणखी ती दुतोंडी क्रियापदं होतीच. रिमेंबर, फरगेट, स्टॉप. त्यांना दोन्ही चालतं, पण अर्थ फिरतो. पाणी प्यायला थांबलो आणि पाणी प्यायचं थांबवलं, यात माणूस जगतो की मरतो इतका फरक. मी ज्या ज्या भिंतीला टेकायला जाई ती ती सरकत होती. माझ्या मनात एकच चित्र येत राहिलं: बाई मागच्या बाकावरून उठतात, गोड आवाजात मला एक असं क्रियापद विचारतात जे माझ्या कपाटाच्या दारावर नाही, आणि बेचाळीस मुलं माझ्याकडे बघतात.

पाठाला पाच दिवस राहिले तेव्हा आमच्या मराठी विभागातल्या जुन्या सरांचा फोन आला. निवृत्त होऊन पापडीला मुलाकडे राहतात. चौकशीला म्हणून केला होता. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "व्याकरणाचं बघशील गं तू. मुलांना हात शिकवलेस का?"

हात म्हणजे आमच्या खालच्या मजल्याची जुनी चाल. सरकारी तपासणीला साहेब यायचे, तेव्हाची. प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गानं हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबाला दिसतं, की वर्गात एकही मूल गप्प नाही, आणि गुरुजींना कळतं कोणाला उठवायचं. आमच्या विभागात प्रत्येक तपासणीला हे चालायचं आणि कधीही फसलं नव्हतं. सुरुवातीला मला हे पटायचं नाही. मुलांना असं खोटं कशाला शिकवायचं, म्हणून मी स्टाफरूममध्ये वादही घातला होता. तेव्हा सर म्हणाले होते, "खोटं काय त्यात? येत नाही म्हणून हातच सांगतोय ना?" सगळे हसले होते आणि दोनेक वर्षांनी मीही हात शिकवायला लागले होते.

वरच्या मजल्यावर ही चाल कोणाला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नववीचं दार लावून घेतलं आणि मुलांना शिकवली. त्यांना खेळ वाटला. कोणीतरी म्हणालं, "टीचर, हे चीटिंग नाही का?" मी म्हटलं, "नाही, ही शिस्त आहे." आपल्या तोंडून असली वाक्यं किती सहज निघतात, याचं मलाच नवल वाटलं. तीन दिवस सराव केला. दुसऱ्या बाकावरच्या त्या जूचंद्रच्या मुलीला सगळ्यात अवघड गेलं. तिचा उजवा हात आपोआप वर जायचा. मी सांगायचे, "येत नसेल तर डावा गं." ती जीभ चावून हात बदलायची. शेवटच्या दिवशी तिला जमलं. मी तिला शाबासकी दिली.

पाठाच्या सकाळी खडू माझ्या हातून दोनदा निसटला. संस्थेच्या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. सुती साडी, पायांत बूट, मंद आवाज. मुख्याध्यापिकांबरोबर मागच्या बाकावर जाऊन बसल्या, मांडीवर वही घेतली आणि माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू बघून माझ्या तोंडचं पाणीच पळालं. रागीट माणसाशी कसं वागायचं ते मला कळतं. हसणाऱ्याला काय हवंय ते कळत नाही.

पण सुरुवात बरी झाली. फळ्यावर मी रेघ मारली, दोन याद्या लिहिल्या, मुलांकडून वाक्यं करून घेतली. प्रश्न विचारला की बेचाळीस हात वर. मी उजव्यांतून एकेक उचलत गेले आणि उत्तरं बरोबर येत गेली. मुख्याध्यापिका बाईंच्या कानाशी काहीतरी कौतुकाचं बोलल्या. अर्धा तास गेला. मला वाटायला लागलं, की आपण तरलो.

तेवढ्यात बाई उठल्या. "मे आय?" असं म्हणत चालत फळ्यापाशी आल्या. मी बाजूला झाले.

आमचे सरकारी साहेब कधी स्वतः प्रश्न विचारत नसत. गुरुजींनी विचारायचं, गुरुजींनी उठवायचं आणि साहेबांनी मान हलवायची, अशी रीत होती. एकोणीस वर्षांत दुसरं काही मी पाहिलंच नव्हतं. बाई मला काही विचारतील ही भीती होती, पण मुलांना विचारून त्यांना स्वतःच उठवतील, हे मला सुचलंच नव्हतं.

बाईंनी विचारलं, "शी प्रॉमिस्ड... हेल्प. कोण पुरं करेल?" बेचाळीस हात वर गेले. बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी खिडकीजवळच्या मुलाला उठवलं. नशिबानं त्याचा उजवा होता. "शी प्रॉमिस्ड टू हेल्प." "व्हेरी गुड!" मग म्हणाल्या, "ही डिनाइड... ब्रेक... द ग्लास." पुन्हा सगळे हात. त्यांची नजर दुसऱ्या बाकावर आली. तिथे दोन घट्ट वेण्या आणि ताठ, अगदी सरळ वर केलेला डावा हात.

"यस, यू."

ती उभी राहिली. हात अजून अर्धवट वरच होता. तिला उत्तर येत नव्हतं, आणि ते तिनं मी शिकवल्याप्रमाणे प्रामाणिकपणे सांगितलं होतं. बाई थांबल्या. मग प्रेमानं म्हणाल्या, "बोल ना. हात वर केला होतास ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं.

बाईंनीही मान वळवली, ती कुठे बघते ते पाहायला.

सगळ्या पोरांना ठाऊक होतं ती का गप्प आहे. आता ही म्हणणार, टीचरनी सांगितलं होतं. आता म्हणणार. आणि मग माझ्या तोंडातून बाहेर पडलं, खणखणीत आवाजात:

"मॅम, शी कीप्स डूइंग धिस. शी रेझेस हर हँड विदाउट थिंकिंग."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक इंग्रजी वाक्य आत न तपासता बोलले. त्यात एकही चूक नव्हती.

बाईंनी "ओह" म्हटलं आणि तिच्याकडे वळल्या. "बेटा, येत असेल तेव्हाच हात वर करायचा. ओके? न विचार करता नाही करायचा." ती म्हणाली, "सॉरी, मॅम." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी, टीचर." आणि बसली. बाईंनी दुसऱ्या मुलीला उठवलं, तिनं 'डिनाइड ब्रेकिंग' म्हटलं आणि तास पुढे गेला. घंटा होईपर्यंत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. त्या बाकाकडे मी बघितलं नाही, एवढं आठवतं.

आठ दिवसांनी मला कार्यालयात बोलावलं. अहवाल चांगला होता. वर्गातला मुलांचा सहभाग, असं म्हणून मुख्याध्यापिकांनी एक ओळ वाचूनही दाखवली. मला कायम केलं होतं. नवऱ्यानं पेढे आणले. मुलगी म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतीस." कपाटाच्या दारावरचं पान मी काढलं. वडिलांना सांगायला जूचंद्रला गेले तर ते ओट्यावर बसले होते. शेजाऱ्यांना हाक मारून म्हणाले, "आमची पोर परमनंट झाली!" मग मला जवळ बसवून विचारलं, "खुश नाय तू? आता कशाला घाबरतंस?"

काय सांगणार. भीती गेली नव्हती, तिनं फक्त जागा बदलली होती. आता मला व्याकरणाचं भय नव्हतं. बेचाळीस मुलांचं होतं. त्यातलं एक जरी घरी बोललं तर? पालकांच्या ग्रुपवर कोणी लिहिलं तर? मोबाइल वाजला की मी हातातलं काम टाकून आधी तो बघायचे. आणि सगळ्यात जास्त भीती मला त्या मुलीची वाटायची. चौदा वर्षांच्या पोरीची! तिची आई एकदा गावात भेटली, हळदीकुंकवाला. लांबून मला बघून ती माझ्याकडे यायला लागली, तशी मी वाण हातात घेऊन पळायची वाट शोधायला लागले. ती म्हणाली, "बाय, आमची पोर तुमचं लय नाव काढते हां." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, यात काही खोच आहे का म्हणून. खोच नव्हती. मी घरी येऊन रडले.

वर्गात ती दुसऱ्याच बाकावर बसत होती. वही पूर्ण, गृहपाठ वेळेवर. प्रश्न विचारला की ती समोरच्या पुस्तकात बघायची. दोन्ही हात बाकाखाली. सुरुवातीला मी वाट पाहिली, की चार दिवसांत विसरेल. महिना गेला. मी मुद्दाम सोपे प्रश्न विचारून बघितले, तिला नक्की येणारे. इतर मुलं उड्या मारायची, ती नाही. थेट नाव घेऊन विचारलं तर उठून बरोबर उत्तर द्यायची आणि बसायची. चुकल्यावर हसायचं तर तिनं सोडूनच दिलं होतं. तिला बघताना मला माझीच लाज वाटायची आणि लाज वाटली की राग यायचा, तोही तिचाच. एवढं काय त्यात, असं मनात म्हणायचे मी. मलाही दहा वेळा बोलायला लावलं होतं, मी नाही का शिकले? आणि मग आठवायचं, की मी काय शिकले होते.

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी मी ठरवलं, आज बोलायचं. माफी मागायची. सरळ सांगायचं, की चूक तुझी नव्हती, माझी होती, मी घाबरले होते. हे वाक्य मी मराठीत तयार केलं, चार वेळा आतल्या आत तपासलं. पेपर सुटला. मुलं फाटकातून बाहेर पडत होती. ती रिक्षास्टँडच्या अलीकडे, उसाच्या गाड्याजवळ मैत्रिणींची वाट बघत एकटीच उभी होती. मी रस्ता ओलांडून तिच्याकडे निघाले.

तिनं मला येताना पाहिलं. पाठीवरची बॅग तिनं पुढे घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी जवळ जाऊन तोंड उघडलं, आणि माझा पहिला शब्द निघायच्या आत ती घाईघाईनं, अगदी हळू आवाजात म्हणाली, "टीचर, मी कोनाला नाय सांगितला. शप्पत. आईला पन नाय."

शाळेतलं तिचं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. तिला वाटलं होतं, की मी तपासायला आलेय.

खोटं कशाला बोलू. सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं, खरोखरच. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. घरी कळलं नव्हतं, गावात कळलं नव्हतं, आणि आता कळणारही नव्हतं. त्या सुटकेत मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, "शहाणी गं माझी."

"जाऊ, टीचर?"

"जा."

ती मैत्रिणींसाठी थांबली नाही. मी तिथेच उभी होते. ती वळणाआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की माफी मागायची राहून गेली, आणि मी जे बोलले त्याचा अर्थ तिनं एकच घेतला असणार: यापुढेही सांगू नकोस.